रहस्यकथेची कपाटे आणि बुलढाण्याचा वाचक

ग्रंथालयशास्त्राच्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा एकच क्रमांक मिळालेला असल्यामुळे हरिभाऊ आपट्यांची सामाजिक कादंबरी, दातारशास्त्र्यांची अद्भुतरम्य कादंबरी, अर्नाळकरांची रहस्यकथा आणि धारपांची भयकथा ही सारी मंडळी, परस्परांशी बोलण्याचाही संबंध नसताना, शास्त्राच्या आज्ञेने एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून उभी राहतात. शास्त्राचे काम येथे संपते आणि ग्रंथपालाचे सुरू होते. कारण मेहकरच्या, चिखलीच्या किंवा मलकापूरच्या वाचनालयात सायंकाळी देवघेवीच्या मेजासमोर येऊन उभा राहणारा मनुष्य ८९१.४६३ मागत नाही. तो म्हणतो, ‘कोर्टातलं काही द्या.’ दुसरा म्हणतो, ‘मारामारीचं द्या, पण लवकर सरणारं.’ आणि तिसरा काकुळतीने सांगतो, ‘भुताचं नको बाप्पा, मंग रातभर झोप येत नाई.’ तिघांनाही रहस्यच हवे असते. मात्र एकाचे पुस्तक चुकून दुसऱ्याच्या हाती पडले, तर ते दुसऱ्या दिवशी न वाचता परत येते, आणि ग्रंथपालाच्या अकलेविषयी वाचकाचे मत कायमचे बनून जाते.

आपल्या समीक्षकांनी रहस्यकथेचा विचार केला तेव्हा बहुधा तिच्या पायरीचा केला, प्रकाराचा केला नाही. ती वाङ्मयाच्या ओसरीवर बसवावी की अंगणात, या वादात त्यांचा इतका काळ गेला की तिच्या घरात किती निरनिराळ्या चुली आहेत, हे पाहण्याचे राहूनच गेले. मी माझ्यापुरते एक परिमाण ठरवून घेतले आहे. प्रत्येक रहस्यकथेत काहीतरी दडवलेले असते. ते कोठे दडवले आहे यावरून तिची जात ओळखावी, आणि ते कोठे शोधण्यात वाचकाला गोडी वाटते यावरून त्याची रुची. ते गुन्हेगाराच्या नावात असेल, त्याच्या मनात असेल, भुयारात असेल, जन्माच्या दाखल्यात असेल किंवा न्यायासनाच्या निवाड्यात असेल. या जाती लेखकांच्या कल्पकतेतून जन्मल्या आणि मग वाचकांनी त्यांतून निवड केली, असा एक सार्वत्रिक समज आहे. बुलढाणा जिल्ह्याचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा वृत्तांत चाळला असता मला त्याच्या उलट दिसते: भुका आधीच्या आहेत, पुस्तके मागाहून आली.

वृत्तांताचा आरंभ एका लेखकापासूनच करावा लागतो, आणि तो लेखक येथे लेखक म्हणून आला नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. पुढे चारच वर्षांनी उत्तर हिंदुस्थान पेटला असताना वऱ्हाडचा हा भाग शांत ठेवण्याची जबाबदारी घेऊन जो डेप्युटी कमिशनर बुलढाण्यास रवाना झाला, तो फिलिप मेडोज टेलर. देण्यासारखी फौज जवळ नाही, तरीही कसेही करून मुलूख धरून ठेवावा, अशा आशयाचा हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाने त्यास दिला होता. त्याचा येथील मुक्काम अल्प ठरला. १८५८ साली सुरपूर संस्थानाच्या बंदोबस्तासाठी त्यास दक्षिणेस जावे लागले. बुलढाण्याच्या इतिहासात या काही महिन्यांना जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळालेले नाही, असे मला वाटते. कारण हाच गृहस्थ १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीचा कर्ता. नुकतीच गादीवर आलेली तरुण राणी व्हिक्टोरियाही त्या कादंबरीच्या उत्सुक वाचकांपैकी एक होती.

या कादंबरीत अमीर अली नावाचा ठग एका साहेबापुढे आपल्या आयुष्याची जबानी देतो. खून कोणी केले हे पहिल्याच पानावर उघड आहे. किती केले, कसे केले, रुमालाचा फास कसा टाकला आणि प्रेते कोठे पुरली, तेही तो काही हातचे न राखता सांगत जातो. स्लीमन साहेबाच्या ठगी खात्यात माफीच्या साक्षीदारांच्या ज्या जबान्या होत, त्यांच्या साच्यावर ही कथा उभी आहे. दडवलेले उरते ते एवढेच, की इतक्या माणसांना गळफास देणारा हा मनुष्य स्वतःस दुष्ट समजत नाही, हे कसे? रहस्य मनात ठेवण्याची ही रीत हेरकथेपेक्षा जुनी आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एडगर ॲलन पो याने आपल्या द्युपाँकडून पॅरिसमधील खुनांचा उलगडा करविला तो १८४१ मध्ये. म्हणजे तपास करणारा नायक कथेत अवतरण्याच्या दोन वर्षे आधीच कबुलीजबाब देणारा नायक अवतरला होता. इंग्रजीत पुढे फ्रीमन याने १९१२ साली ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात गुन्हा आधी दाखवून तपास मागाहून सांगण्याचा जो प्रयोग केला, त्याला लोकांनी नावीन्य म्हणून वाखाणले. आमच्या मुलखातील फौजदारी दप्तराचा तर तो नित्याचा क्रम होता.

या जातीच्या कथेचे वाचक ओळखणे सोपे असते. निवृत्त फौजदार, पोलीस पाटील, वकिलाचा जुना कारकून, नाझर, अशी ही मंडळी. गुन्हा आणि पंचनामा या गोष्टी त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांच्या हाती नामांकित हेरकथा दिली, तर विसाव्या पानावर ‘इथं पंचनामाच चुकला आहे’ म्हणून ते ती मिटतात. गुन्हेगाराच्या अंतरंगाविषयी मात्र त्यांच्या नोकरीने त्यांना काहीच सांगितलेले नसते. सांगण्याची ती जागाही नव्हती. म्हणून जबानीच्या स्वरूपातील कादंबरी ते आस्थेने, आणि क्वचित मान डोलावून, वाचतात.

त्याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत पुढे बापूजी हरी शिंदे हे गृहस्थ हेडक्लार्क होते. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि आपली मुलगी ताराबाई हिला त्यांनी मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले होते. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा खून केल्याचा खटला चालला. प्रथम तिला फाशीची शिक्षा झाली, मग ती काळ्या पाण्याची झाली आणि अखेर पाच वर्षांवर आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्यास उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापविले. पाचशे प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे.

त्या ग्रंथाचे महत्त्व सामाजिक इतिहासात सर्वमान्य आहे, आणि त्याविषयी मी नवे काही सांगणार नाही. माझे कुतूहल निराळे आहे. बुलढाण्यासारख्या, मुंबई-पुण्यापासून दूरच्या ठाण्यात बसलेल्या या बाईने आपल्या काळचे मनोरंजक वाङ्मय वाचलेले होते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. दोन्ही कादंबऱ्या कपटे, कैदा, वियोग आणि अकल्पित भेटी यांनी गजबजलेल्या. त्यांतील स्त्रीचित्रणाची ताराबाईंनी खरपूस झडती घेतली आहे. स्त्रीच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत अधिक नाहीत काय, हा त्यांचा मूळचा प्रश्न, आणि कादंबरीकारही त्यातून सुटत नाहीत. म्हणजे या जिल्ह्यातील ज्या वाचकाच्या रुचीची छापील नोंद उपलब्ध आहे, तो एक स्त्री-वाचक आहे, आणि अद्भुतरम्य कादंबरीने तिचे समाधान झालेले नाही.

कशाने झाले असते? सुरतेच्या खटल्यात आरोपी कोण हे सर्वांस ठाऊक होते, आणि मुद्देमालाविषयीही वाद नव्हता. न्यायालयात ज्याला कोणी हजर केलेच नाही, असा एक पुरुष त्या अर्भकाचा बाप होता, आणि खटल्यातील खरे दडलेले पात्र तेच होते. निकालपत्र वाचून झाल्यावरही ज्याचे मन ‘खटला संपला’ असे म्हणावयास तयार होत नाही, तो न्यायकथेचा वाचक. वऱ्हाडात हा वर्ग मोठा आहे, आणि त्यास आपल्या येथील जमिनीचे वाद, सावकारी फिर्यादी आणि तालुक्याच्या कोर्टात पिढ्यान्‌पिढ्या पडणाऱ्या तारखा जबाबदार आहेत. अशा वाचकास पेरी मेसनच्या मराठी अवतारांपैकी एखादा द्यावा, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास द्यावा. पण तेवढ्याने त्याची तहान भागत नाही असे दिसल्यास विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हातावर ठेवण्यास मी कचरणार नाही. १९६७ चे हे नाटक कोणी रहस्यकथेत गणत नाही. तथापि तेथेही एक स्त्री भ्रूणहत्येच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी आहे, आणि तेथेही ज्याने उभे राहावयास हवे तो पुरुष गैरहजर आहे. ताराबाईंचे विस्मृत पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा तेंडुलकरांचे नाटक रंगभूमीवर येऊन आठ वर्षे झाली होती; दोन्ही एका बैठकीत वाचण्याची सोय अशी उशिराच झाली.

कापसाच्या तेजीने खामगावची पेठ भरभराटीस आली आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा निघाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही ठाणी मुख्य मार्गावर होतीच. कापूस मुंबईस जाऊ लागला, आणि येताना मुंबईची छापील पुस्तके येऊ लागली. त्या पुस्तकांत विसाव्या शतकाच्या पहिल्या पिढीवर ज्यांनी निर्विवाद राज्य केले ते गोविंद नारायण दातारशास्त्री. इंग्रजीतील रेनॉल्ड्स या लेखकाच्या कादंबऱ्या घेऊन त्यांनी त्यांचे जे भारतीय रूपांतर केले, ते इतके पुरे होते की ‘कालिकामूर्ती’ किंवा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचताना त्यामागे लंडनचे धुके आहे याची शंकाही येऊ नये. गुहा, तळघरे, कळ दाबताच सरकणाऱ्या शिळा, मूर्तीच्या पोटातील वाटा! रहस्य येथे स्थळात असते. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही १९१३ ची कादंबरीही रेनॉल्ड्सच्याच कुळातली. सिंहगडावरून कोसळून पायाने अधू झालेल्या या लेखकाने बिछान्यावर पडून वाचकांना किती कडे आणि भुयारे हिंडविली, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला या जातीची गोडी लागण्यास भूगोलानेही साहाय्य केले असावे. उल्कापाताने झालेल्या, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरातले खारे सरोवर आणि त्याच्या काठाने झाडीत दडलेली जुनी देवळे ज्याने लोणारला पाहिली आहेत, सिंदखेडराजाचा जाधवांचा वाडा ज्याने पालथा घातला आहे, त्याला इंद्रभुवनाची गुहा असंभाव्य वाटण्याचे कारण नाही. मेहकरला तर १८८८ साली प्रत्यक्ष भूमीतूनच भव्य विष्णुमूर्ती निघाली. शारंगधर बालाजी म्हणून तिची आज पूजा होते. कोणी, कोणत्या आक्रमणाच्या धास्तीने ती इतक्या जतनाने पुरून ठेवली असेल? ज्या गावात असला प्रश्न देवळाच्या गाभाऱ्यातच उभा आहे, तेथील आजोबांनी दातार वाचले नसते तरच नवल. आजही एखादा वयोवृद्ध वाचक ‘पूर्वीसारखी पुस्तकं राहिली नाहीत’ अशी तक्रार करू लागला, की त्याला निवृत्तिपर वाङ्मय देण्याची घाई करू नये. त्याला बहुधा भुयार हवे असते.

जन्माच्या रहस्याची कथा ही याहून निराळी, आणि तिचा एक कारागीर याच जिल्ह्यात वकिली करीत होता. ज्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना महाराष्ट्र ‘सुदाम्याचे पोहे’चा विनोदकार म्हणून ओळखतो, त्यांनी वकिलीची सनद घेऊन अकोल्यास, खामगावास आणि मग जळगाव-जामोद येथे वास्तव्य केले. १८९६ च्या ‘वीरतनय’पासून त्यांनी जी नाटके लिहिली, त्यांतील दोहोंची नावेच त्यांच्या रचनेचे मर्म सांगतात: ‘गुप्तमंजूष’ आणि ‘जन्मरहस्य’. वेषांतरे, अदलाबदली, पेटीत बंद असलेला पुरावा, भलत्याच्याच घरी वाढलेली मुले, आणि शेवटच्या अंकात एकामागून एक उलगडणाऱ्या ओळखी यांनी ही नाटके भरलेली आहेत. त्यांची कथानके कृत्रिम आहेत हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला जात होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. परंतु दत्तकपत्रे, वारसाहक्काचे दावे आणि भाऊबंदकीच्या कैफियती ज्याच्या मेजावर रोज येऊन पडतात, त्या वकिलाला मनुष्याचा जन्म हाच सर्वांत मोठा संशयास्पद दस्तऐवज वाटू लागला असेल, तर त्यात विस्मय कसला? जळगाव-जामोदच्या वास्तव्याकडे पाहताना मला त्या कृत्रिमतेत थोडी वस्तुनिष्ठाही दिसते. या रुचीचा वाचक आता पुस्तकांकडे फारसा फिरकत नाही. दूरदर्शनच्या मालिकांनी त्याला वर्षानुवर्षे पुरेल इतका शिधा घरपोच दिला आहे.

यानंतर ज्या लेखकाचे नाव घ्यावयाचे, त्याला बुलढाण्याशी जोडणारा कोणताही दस्तऐवज माझ्यापाशी नाही, आणि त्याची गरजही नाही. कारण महाराष्ट्रातील असे एकही बसस्थानक नसेल जेथे त्याची पुस्तके पोहोचली नाहीत. चंद्रकांत सखाराम चव्हाण उर्फ बाबूराव अर्नाळकर यांचा जन्म १९०६ चा. मुंबईस चष्म्याचे दुकान चालविता चालविता त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. लोकांना डोळ्यांनी नीट दिसावे याची व्यवस्था करणारा मनुष्य त्यांना रात्रभर दिव्याजवळ बसवून त्यांचे डोळे बिघडवीतही होता, असा विनोद त्यांच्याविषयी कोणी केला नसेल तर तो मी येथे करून ठेवतो. त्यांचे धनंजय आणि छोटू हे रीतसर तपास करणारे. परंतु वाचकांच्या मनात घर करून बसले ते झुंजार आणि काळापहाड. हे दोघेही कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांचे पारिपत्य करतात. पोलीस त्यांच्या मागावर असतात आणि वाचक त्यांच्या बाजूने.

एडगर वॉलेसने १९०५ मध्ये ‘द फोर जस्ट मेन’ लिहून ज्या नीतिमान गुन्हेगारांची प्रतिष्ठापना केली, त्याच घराण्यातले हे वीर. येथे रहस्य कोठे आहे, असा प्रश्न केला तर उत्तर थोडे अडचणीचे येते: ते जवळजवळ नसतेच. झुंजार निसटणार हे ठाऊक असते, दुष्ट धुळीस मिळणार हेही ठाऊक असते. वाचक पाने उलटतो ते निसटण्याची युक्ती पाहण्यासाठी. ज्याच्या दिवसाचे आठ-दहा तास जिनिंग फॅक्टरीत, अडतीच्या पेढीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर हुकूम ऐकण्यात गेले आहेत, त्याला रात्री असा एक मनुष्य हवा असतो की जो कोणाचाच हुकूम ऐकत नाही. म्हणून मी अर्नाळकरांच्या वाचकाला कधी ‘जरा चांगले वाचा’ असे सांगणार नाही. त्याची मागणी कोड्याची नसून मोकळिकीची आहे, आणि ती पुरविण्यात अर्नाळकरांची बरोबरी करणारा दुसरा लेखक मराठीत झाला नाही.

त्यांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही पुस्तकांची संख्या हजाराच्या पलीकडे नेली. त्यांच्या कथांत सैन्य, सीमा, हेर आणि बंदुका आल्या, वेग वाढला, आणि सत्तरीच्या दशकात भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्यांच्या प्रती अक्षरशः सुटी पाने होईपर्यंत फिरल्या. पानपट्टीच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात एक फळी, पुठ्ठ्याला खाकी कागदाचे आवरण, शिवण सुटू नये म्हणून कडेने मारलेला दाभण-दोरा, थोडी अनामत आणि दिवसागणिक काही पैशांचे भाडे, ही त्या व्यवसायाची सारी मांडणी. दुकानदारास वर्गीकरण शिकविलेले नव्हते. पण भाडे दिवसावर असल्यामुळे लवकर सरणारे पुस्तक कोणते, हे त्याला नेमके ठाऊक असे. ‘लवकर सरणारं द्या’ ही मागणी त्या भाड्याच्या रीतीतून आली आहे, आळसातून नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये वाचनालयांना अनुदान मिळू लागले आणि वर्गणी महिन्यावर गेली, तरी जुन्या वाचकाच्या तोंडातील ते शब्द काही गेले नाहीत. हेरकथांविषयी याहून अधिक सांगावे असे मला काही सुचत नाही. त्या एकमेकींहून फारशा निराळ्या नसतात, आणि त्यांचा वाचक त्यांना आपणच शोधून काढतो.

भयाच्या कपाटाशी मात्र सावधपणे वागले पाहिजे. नारायण धारपांची कथा आणि रत्नाकर मतकऱ्यांची कथा ही दोन्ही एकाच वाचकाला सारखी रुचतील असे गृहीत धरणे हा ग्रंथपालाचा नेहमीचा प्रमाद होय. धारपांचे ‘समर्थ’ अमंगल शक्तीशी झुंजतात आणि बहुधा तिला हटवितात. वाचक घाबरतो, पण पुस्तक मिटताना घराचे दार बंद असते. ‘लुचाई’सारख्या कादंबरीत, जिचे मूळ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये आहे, तेही दार किंचित किलकिले राहते. मतकरी कोणाशी झुंजतच नाहीत. त्यांच्या गूढकथेत भूत कित्येकदा येतही नाही, नुसता शेजारी येतो, आणि शेवटच्या ओळीनंतर त्या शेजाऱ्याला पुन्हा पूर्वीसारखे ओळखणे वाचकाला जड जाते. ‘भुताचं नको’ म्हणणाऱ्या माणसाला भुताचीच भीती वाटते, तेव्हा त्याला मतकरी चालतील, असा तर्क करून पाहण्याचा मोह आवरावा. त्याला झोप हवी आहे.

राहता राहिली शुद्ध तपासकथा, जिला पाश्चात्त्य देशांत रहस्यकथेची पट्टराणी मानले जाते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली तिचे दहा नियम घालून दिले. १९२० पासून अर्धशतकाहून अधिक काळ लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीने ते कधी पाळले आणि कधी खुबीने मोडले. वाचकासमोर सर्व पुरावा मांडावा आणि तरीही त्याला गुन्हेगाराचे नाव कळू नये, हा तिचा करार. ही जात वऱ्हाडी वाचकांत अर्नाळकरांइतकी खोल रुजली नाही, आणि मला त्याचे कारण येथील ग्रामव्यवस्थेत दिसते. इंग्रज सरदाराच्या एकाकी वाड्यात सात पाहुण्यांपैकी खून कोणी केला, हे आठ प्रहर गुप्त राहू शकते. घाटाखालच्या एखाद्या खेड्यात मात्र पहाटे घडलेल्या खुनाचा करता-करविता दुपारच्या जेवणापर्यंत सर्वांस ठाऊक असतो, आणि जागल्याने चोराचा माग शिवेपर्यंत काढण्यापूर्वीच गावाने तो मनातल्या मनात काढलेला असतो. ठाऊक नसते ते इतकेच, की फौजदारासमोर ते नाव कोण उच्चारील. जेथे नाव गुप्त नसून साक्ष गुप्त आहे, तेथील माणसाला नावाच्या कोड्यात कितपत रस वाटावा?

तरीही या जातीचे वाचक येथे आहेत; संख्येने थोडे, निष्ठेने मोठे. गणिताचे शिक्षक, बुद्धिबळाचे शौकीन, रविवारचे शब्दकोडे शाईने सोडविणारे पेन्शनर यांत ते हटकून सापडतात. त्यांच्यासाठी भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स हे आरंभस्थान उत्तम, आणि गजानन क्षीरसागरांचे अनुवादही त्यांच्या संग्रही असावेत. होम्सविषयी एक अपवाद नमूद करण्याजोगा आहे: तो दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही वाचता येतो. ख्रिस्तीचे नाव कळले की तिचे पुस्तक पुष्कळांच्या लेखी संपते. होम्सचे संपत नाही, कारण त्याचे रहस्य गुन्हेगाराच्या नावापेक्षा होम्सच्या पाहण्यात अधिक असते. म्हणून एकच पुस्तक घ्यावयास पैसे असतील, तर लहान गावाच्या वाचनालयाने ते होम्सवर खर्च करावेत.

मुलांच्या बाबतीत निवडीचा प्रश्न भा. रा. भागवतांनी फार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. फुरसुंगीचा फास्टर फेणे हा तपास करतो, निसटतो, भुयारात पडतो, न्याय मागतो, आणि प्रसंगी घाबरतोही. वर ज्या जाती मी वेगळ्या काढण्याचा खटाटोप केला, त्या साऱ्या त्याच्या एका सायकलवर बसतात. त्याच्या साहसकथा वाचून झालेल्या मुलाने कोणत्या प्रसंगी पुस्तक खाली ठेवले नाही, एवढे त्यालाच विचारावे. पुढची वाट तेथून दिसते. बहुतेकांना अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा मानवतो, कारण तो हुशार आहे, प्रवास करतो, आणि मुलांशी बोलताना आवाज बारीक करीत नाही. मात्र ही पुस्तके बालविभागाच्या नोंदवहीत मुलाच्या नावावर गेली, की मुदत उलटून चार-सहा दिवसांनी परत येतात, आणि दंडाची पावती फाडताना मूल सांगते की त्याचे कधीच वाचून झाले होते, आजोबांचे शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते.